सोनामुखी व तिच्या जवळच्या जातींची पानाच्या अंतर्रचनेवरून ओळख

पानाची सूक्ष्म अंतर्रचना तपासून सेन्ना वंशातील एकमेकींसारख्या दिसणाऱ्या जाती वेगळ्या ओळखण्याची पद्धत औषधी वनस्पतिशास्त्रात रूढ आहे. सोनामुखी ही या वंशातील सर्वांत महत्त्वाची औषधी वनस्पती असून तिची पाने सारक म्हणून वापरली जातात. मराठवाड्याच्या माळरानांवर सर्वत्र वाढणारा तरवड हा याच वंशातील आहे. दोन्हींची वाळलेली पाने मोडून एकत्र झाली की नुसत्या डोळ्यांना फरक कळणे कठीण जाते. फुले, शेंगा आणि अखंड फांदी हाताशी नसतानाही पर्णरंध्रे, केस, स्तंभपेशी व शिरांचे जाळे यांच्या निरीक्षणातून जात ठरविता येते. पानाची भुकटी झालेली असली, तरी यांपैकी बरीच लक्षणे टिकून राहतात.

## वंश व जाती

सेन्ना हा वंश शिंबावंत कुलातील आहे. फिलिप मिलर या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने हे वंशनाम १७५४ मध्ये वापरले. मात्र पुढे दीर्घकाळ या जातींचा समावेश कॅसिया या मोठ्या वंशात केला जात असे. हॉवर्ड आयर्विन व रूपर्ट बार्नबी यांनी १९८२ मध्ये कॅसियाची फेरमांडणी करून कॅसिया, सेन्ना व कॅमेक्रिस्टा असे तीन वंश वेगळे मानले. त्यामुळे बहावा कॅसिया वंशातच राहिला, तर तरवड, तरोटा, कासविंदा आणि सोनामुखी सेन्ना वंशात गेल्या. जुन्या मराठी व इंग्रजी ग्रंथांत या सर्वांची नावे कॅसिया म्हणूनच आढळतात.

सोनामुखीची पाने बाजारात दोन नावांनी ओळखली जातात. इजिप्त व सुदानकडून येणारी ती अलेक्झांड्रियाची सोनामुखी आणि तमिळनाडूतील तिरुनेलवेली भागात लागवड होणारी ती भारतीय किंवा तिन्नेवेल्ली सोनामुखी. पहिलीला कॅसिया ॲक्युटिफोलिया व दुसरीला कॅसिया अँगुस्टिफोलिया अशी स्वतंत्र जातिनामे होती. आज बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ दोन्ही मिळून सेन्ना अलेक्झांड्रिना ही एकच जात मानतात. भारतात राजस्थान व गुजरातमधील कोरड्या भागांतही सोनामुखीचे पीक घेतले जाते. आयुर्वेदात तिला स्वर्णपत्री, तर युनानी वैद्यकात सना असे म्हणतात. काही मराठी ग्रंथांत भुईतरवड हे नावही आढळते. त्या नावातच तरवडाशी असलेले साम्य नोंदलेले आहे.

## परभणी जिल्ह्यातील जाती

परभणी जिल्ह्याचा बराचसा भाग गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यांतील काळ्या जमिनीचा आहे. उत्तरेस जिंतूर तालुक्यात अजिंठ्याच्या रांगेचे फाटे आणि दक्षिणेस गंगाखेडकडे बालाघाटचे डोंगर येतात. या डोंगरउतारांवर, गायरानांत, बांधांवर व रस्त्यांच्या कडेला सेन्ना वंशातील पुढील जाती दिसतात.

- तरवड (सेन्ना ऑरिक्युलाटा): पिवळ्या फुलांचे सदाहरित झुडूप. देठाच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी मोठी उपपर्णे असतात व त्यांवरूनच त्याचे जातिनाम पडले आहे. सालीतील टॅनिनमुळे कातडी कमावण्यासाठी तिचा पूर्वापार उपयोग होत आला. नवरात्रात घटाला वाहण्याच्या माळांत तरवडाची फुले ओवली जातात. शेजारच्या तेलंगणात हेच तंगेडु असून बतुकम्मा सणात त्याला मान आहे व ते त्या राज्याचे राज्यफूल आहे.
- तरोटा किंवा टाकळा (सेन्ना टोरा): पावसाळ्यात उगवणारी वर्षायू वनस्पती. कोवळ्या पानांची भाजी करतात.
- कासविंदा (सेन्ना ऑक्सिडेन्टॅलिस): उग्र वासाची पाने असलेले, पडीक जागी वाढणारे रोप.
- सेन्ना युनिफ्लोरा: मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील, आता दख्खनमध्ये गाजरगवताशी स्पर्धा करत दाट पसरलेले तण.
- कशिद (सेन्ना सियामिया): रस्त्यांच्या कडेला लावला जाणारा वृक्ष.

मराठवाड्यातील वनस्पतींचा पद्धतशीर आढावा व्ही. एन. नाईक यांच्या ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ या १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन खंडांच्या ग्रंथात आहे. खरी सोनामुखी मराठवाड्यातील माळांवर तरवडासारखी सर्वत्र उगवत नाही. ती बहुतांशी वाळलेल्या पानांच्या रूपात दुकानातून येते. त्यामुळे ज्याला तरवड ओळखता येतो, त्यालाही सोनामुखीचे जिवंत झाड पाहण्याचा प्रसंग क्वचितच येतो. हातात पडते ते सुटे, मोडलेले पान.

## बाह्य लक्षणे व त्यांची मर्यादा

ताज्या फांदीवर तरवड ओळखणे सोपे असते. मोठी उपपर्णे, पर्णिकांच्या प्रत्येक जोडीमध्ये पर्णाक्षावर असलेली उभी ग्रंथी आणि चपट्या शेंगा एवढे पाहिले तरी पुरते. तरोटा व त्याच्या अगदी जवळची सेन्ना ऑब्ट्युसिफोलिया ही जात यांतील भेदही ग्रंथींवरून कळतो. तरोट्यात पर्णिकांच्या खालच्या दोन जोड्यांमध्ये ग्रंथी असतात, तर ऑब्ट्युसिफोलियात केवळ सर्वांत खालच्या जोडीमध्ये एक ग्रंथी असते. कासविंद्यात ग्रंथी पर्णिकांमध्ये नसून देठाच्या बुडाजवळ असते.

पाने वाळवून, पर्णिका झाडून, पोत्यांत भरून दूरवर पाठविली की ही सर्व लक्षणे हरवतात. उपपर्णे गळतात, ग्रंथी मागे राहिलेल्या पर्णाक्षाबरोबर जातात आणि शेंगा वेगळ्या विकल्या जातात. उरतात त्या पर्णिका. अलेक्झांड्रियाच्या सोनामुखीची पर्णिका सहसा ४ सेंटिमीटरपेक्षा लांब नसते व तिन्नेवेल्लीची ५ सेंटिमीटरपेक्षा लांब नसते. दोन्हींचे बूड दोन बाजूंना असमान असते. अलेक्झांड्रियाच्या पर्णिकेत ही असमानता अधिक ठळक दिसते. परंतु पाने तुटलेली असतील तर लांबी मोजता येत नाही आणि भुकटीत आकार मुळीच उरत नाही. अशा वेळी सूक्ष्मदर्शकाचा आधार घ्यावा लागतो.

## सोनामुखीच्या पानाची अंतर्रचना

आंब्यासारख्या पुष्कळ वृक्षांच्या पानांत वरच्या बाजूला उभ्या, एकमेकींस चिकटलेल्या स्तंभपेशींचा थर असतो आणि खालच्या बाजूला सैलसर पेशी असतात. सोनामुखीच्या पर्णिकेत मात्र वर व खाली अशा दोन्ही बाजूंना स्तंभपेशींचे थर असतात. अशा पानाला समद्विपार्श्व पान म्हणतात. दोन्ही पृष्ठभागांवर पर्णरंध्रेही असतात.

बाह्यत्वचेच्या पेशी वरून पाहिल्यास सरळ भिंतींच्या, बहुकोनी दिसतात. त्यांपैकी अनेक पेशींत श्लेष्मल द्रव्य असते. पर्णरंध्राच्या दोन रक्षकपेशींना समांतर अशा दोन उपपेशी असतात. या रचनेला पॅरासायटिक प्रकार म्हणतात. केस एकपेशीय, टोकाकडे निमुळते, पुष्कळदा बुडाशी वाकलेले आणि जाड भिंतींचे असतात. त्यांच्या पृष्ठभागावर बारीक चामखिळींसारखे उंचवटे असतात. त्यांची लांबी सुमारे २६० मायक्रोमीटरपर्यंत असते. मध्यशिरेच्या वाहक पूलाभोवती तंतूंचे आवरण असून त्याला लागून कॅल्शियम ऑक्झलेटचे लोलकाकार स्फटिक असलेल्या पेशींची रांग असते. याच संयुगाचे झुपकेदार स्फटिक मधल्या ऊतीत विखुरलेले आढळतात.

ही लक्षणे दोन्ही सोनामुखींत समान असल्याने भुकटी सोनामुखीची आहे की नाही, एवढेच त्यांवरून ठरते. ती दोहोंपैकी कोणती हे ठरविण्यासाठी मोजमाप करावे लागते.

## मोजमापे

पर्णरंध्र निर्देशांक: ठरावीक क्षेत्रातील पर्णरंध्रांची संख्या व बाह्यत्वचेच्या सर्व पेशींची संख्या मोजतात. पर्णरंध्रांच्या संख्येला दोहोंच्या बेरजेने भागून १०० ने गुणले की निर्देशांक मिळतो. उदाहरणार्थ, एका क्षेत्रात १७ पर्णरंध्रे व ८० पेशी असतील तर १७ भागिले ९७ गुणिले १००, म्हणजे सुमारे १७.५ हा निर्देशांक येतो. १२ पर्णरंध्रे व ८४ पेशी असतील तर तो १२.५ येतो. एका चौरस मिलिमीटरमध्ये किती पर्णरंध्रे आहेत एवढेच मोजले तर पान कोवळे आहे की जून, उन्हातले आहे की सावलीतले, यानुसार आकडा बराच बदलतो. पान पसरले की पेशी मोठ्या होतात व पर्णरंध्रे एकमेकांपासून दूर जातात. पेशींशी असलेले प्रमाण त्या मानाने स्थिर राहते, म्हणून निर्देशांक अधिक भरवशाचा ठरतो.

स्तंभपेशी गुणोत्तर: बाह्यत्वचेच्या एका पेशीखाली सरासरी किती स्तंभपेशी येतात, ती ही संख्या. एकमेकींस लागून असलेल्या चार पेशींचा गट घेऊन त्याखालील स्तंभपेशी मोजतात व चाराने भागतात. भुकटीचा अगदी लहान तुकडाही यासाठी पुरतो, हा या मापाचा मोठा फायदा आहे.

शिराद्वीप संख्या: पानातील बारीक शिरा एकमेकींना जोडल्या गेल्याने जी लहान बंदिस्त क्षेत्रे तयार होतात, त्यांना शिराद्वीपे म्हणतात. मध्यशीर व पानाची कड यांच्या मधोमध एका चौरस मिलिमीटरमध्ये अशी किती क्षेत्रे येतात हे मोजतात. यासाठी पानाचा अखंड तुकडा लागतो. बारीक भुकटीत हे माप घेता येत नाही.

निरीक्षणासाठी पानाचे तुकडे क्लोरल हायड्रेटच्या द्रावणात तापवितात. त्यामुळे हरितद्रव्य निघून जाते व तुकडा पारदर्शक होतो. ताज्या पानाच्या बाबतीत शाळेच्या प्रयोगशाळेतही एक सोपी युक्ती वापरता येते. पानावर रंगहीन नेलपॉलिशचा पातळ थर देऊन तो वाळल्यावर पारदर्शक चिकटपट्टीने उचलला की त्यावर बाह्यत्वचेचा ठसा उमटतो आणि पर्णरंध्रे स्पष्ट मोजता येतात. एका जागेच्या मोजणीवर विसंबून न राहता अनेक पानांवरील अनेक जागा मोजून सरासरी काढणे आवश्यक असते.

## दोन सोनामुखींची तुलना

| लक्षण | अलेक्झांड्रियाची | तिन्नेवेल्लीची |
|---|---|---|
| पर्णरंध्र निर्देशांक (सरासरी) | सुमारे १२.५ | सुमारे १७.५ |
| शिराद्वीप संख्या | २५ ते २९.५ | १९.५ ते २२.५ |
| स्तंभपेशी गुणोत्तर, वरची बाजू | ४.५ ते १८ | ४ ते १२ |
| केसांमधील सरासरी अंतर | सुमारे ३ पेशी | सुमारे ६ पेशी |

कोणत्या मापावर किती विसंबावे हेही या आकड्यांवरून समजते. शिराद्वीप संख्येच्या मर्यादा एकमेकींत मिसळत नाहीत, म्हणून अखंड पानासाठी ते माप निर्णायक ठरते. स्तंभपेशी गुणोत्तराच्या मर्यादा एकमेकींत बऱ्याच शिरतात; त्यामुळे एकट्या त्या मापावर निर्णय देता येत नाही. भुकटीसाठी पर्णरंध्र निर्देशांक हेच मुख्य माप मानले जाते.

## भेसळीची ओळख

तरवडाची पाने सोनामुखीत मिसळल्याचे प्रकार व्यापारात जुने आहेत. औषधिविज्ञानाच्या इंग्रजी ग्रंथांत या भेसळीला पाल्ते सेन्ना असे नाव आहे. तरवडाच्या पर्णिकेवरील केस सोनामुखीपेक्षा लांब व संख्येने अधिक असतात. त्याच्या तुकड्यांवर ८० टक्के सल्फ्युरिक आम्ल टाकल्यास किंवा ते क्लोरल हायड्रेटच्या द्रावणात उकळल्यास किरमिजी रंग येतो. सोनामुखीत तसा येत नाही. हे आम्ल त्वचा जाळणारे असल्याने ही चाचणी प्रयोगशाळेतच करावयाची असते. तरवडाच्या पानांत सोनामुखीतील सारक अँथ्राक्विनोन द्रव्ये नसतात, हा या दोहोंतील महत्त्वाचा रासायनिक फरक होय.

कोरड्या प्रदेशांत आढळणाऱ्या सेन्ना इटालिकाची पर्णिका टोकाकडे रुंद असते व तिच्या खालच्या बाह्यत्वचेच्या पेशींवर लहान उंचवटे असतात. इजिप्तकडून येणाऱ्या मालात पूर्वी अर्घेल या वेगळ्या कुलातील वनस्पतीची पाने सापडत. त्यांच्यावरील केस दोन-तीन पेशींचे असल्याने एका दृष्टिक्षेपात ती वेगळी पडतात, कारण सोनामुखीचा केस नेहमी एकपेशीय असतो.

## पद्धतीचा इतिहास

पानाच्या अंतर्रचनेचा वर्गीकरणासाठी उपयोग एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स सोलेरेडर यांनी १८९९ मध्ये द्विदल वनस्पतींच्या अंतर्रचनेचा कुलवार आढावा प्रसिद्ध केला. चार्ल्स मेटकाफ व लॉरेन्स चॉक यांच्या १९५० मधील ग्रंथाने हे काम पुढे नेले. मोजता येणारी लक्षणे मात्र औषधांच्या परीक्षेच्या गरजेतून पुढे आली. स्तंभपेशी गुणोत्तर १९२५ मध्ये झोर्निग व वाइस यांनी मांडले. पर्णरंध्र निर्देशांकाची कल्पना एडवर्ड सॅलिसबरी यांनी १९२७ मध्ये मांडली. लेविन यांनी १९२९ मध्ये शिराद्वीप संख्येच्या साहाय्याने कोकाच्या पानांसारखी जवळची औषधी पाने वेगळी केली. रोसन यांनी १९४३ मध्ये सोनामुखीच्या दोन प्रकारांच्या पर्णरंध्र निर्देशांकाचा संख्याशास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला.

युरोप व उत्तर अमेरिकेतील हॉथॉर्न या काटेरी झुडपांच्या वंशातही अशाच अडचणी येतात. तेथील जाती एकमेकींशी संकर पावत असल्याने पानाच्या बाह्य आकारावरून निर्णय करणे अवघड जाते.

## मर्यादा

पानाची अंतर्रचना ही जातीची अढळ खूण नसते. पाणी, ऊन, उंची व पानाचे फांदीवरील स्थान यांचा तिच्यावर परिणाम होतो. काही जातींत हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर पर्णरंध्रांचे प्रमाण घटते, हे वुडवर्ड यांनी १९८७ मध्ये संग्रहातील जुनी पाने व नवी पाने यांची तुलना करून दाखविले. म्हणून ग्रंथातील आकडा प्रमाण मानण्याऐवजी ज्या पानांची जात निश्चित आहे अशा पानांशी त्याच पद्धतीने तुलना करणे अधिक योग्य ठरते. पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागासारख्या संस्थांचे वाळलेल्या वनस्पतींचे संग्रह यासाठी उपयोगी पडतात.

दुसरी मर्यादा वर्गीकरणाची आहे. दोन सोनामुखींचे पर्णरंध्र निर्देशांक स्पष्टपणे वेगळे असूनही त्या आज एकाच जातीत गणल्या जातात. दोन नमुन्यांत मोजता येणारा फरक असला म्हणजे ते दोन वेगळ्या जातींचेच असले पाहिजेत असे नाही. तो एकाच जातीच्या दोन प्रदेशांतील वाणांचाही असू शकतो. याउलट तरोटा व ऑब्ट्युसिफोलिया यांच्यासारख्या जाती ग्रंथी, शेंगेचा देठ व बी यांवरूनच नीट वेगळ्या होतात.

आता डीएनए बारकोडिंगचाही उपयोग केला जातो. दक्षिण भारतातील बाजारांतून घेतलेल्या कॅसिया, सेन्ना व कॅमेक्रिस्टा यांच्या नमुन्यांची अशी तपासणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्यांपैकी काही नमुन्यांत लेबलावरील जातीऐवजी दुसऱ्याच जाती आढळल्या. या पद्धतीला महागडी साधने लागतात आणि प्रक्रिया केलेल्या मालात डीएनए तुटलेला असतो. सूक्ष्मदर्शक व काचपट्टी यांवर होणारी परीक्षा त्यामुळे अद्याप कालबाह्य झालेली नाही.

## महत्त्व

सोनामुखीचा सारक गुण सेनोसाइड या द्रव्यांमुळे येतो. युरोपीय औषधकोशात वाळलेल्या पानांतील अशा द्रव्यांचे किमान प्रमाण ठरवून दिलेले आहे. मात्रा ठरते ती पान खरे आहे असे गृहीत धरून. पुडीत तरवड असेल तर अपेक्षित परिणाम होत नाही आणि रुग्ण मात्रा वाढवितो. पुढच्या खेपेस त्याच वाढीव मात्रेत खरी सोनामुखी मिळाली, तर पोटात मुरडा येऊन जुलाब होतात व शरीरातील पाणी आणि क्षार कमी होतात. वृद्ध, लहान मुले व गरोदर स्त्रिया यांच्या बाबतीत ही गोष्ट अधिक गंभीर असते.

तरवड हा निरुपयोगी नाही. त्याचे औषधी उपयोग सिद्ध वैद्यकात स्वतंत्रपणे सांगितलेले आहेत. दोष आहे तो एका वनस्पतीच्या नावाखाली दुसरी दिली जाण्यात. परभणीसारख्या जिल्ह्यात, जेथे तरवड बांधाबांधावर आहे आणि सोनामुखी पुडीतून येते, तेथे केसाची लांबी आणि पर्णरंध्रांची मोजणी यांतून कळणारा हा भेद रुग्णाच्या हाती योग्य औषध पडण्याशी जोडलेला आहे.